कोरी बाटली

"घे गं, अजून एक घे," असं म्हणत आठल्येसरांनी नूतन पाष्टेच्या हातावर दुसरी वडी ठेवली, तेव्हा मी दारात उभा होतो.

सरांच्या टेबलाच्या खालच्या खणात आलेपाकाच्या वड्यांचा एक पत्र्याचा डबा असायचा. ज्याच्या कामावर सर खूश होत, त्याला एक वडी मिळायची. पगारवाढ त्यांच्या हातात नव्हती, वडी होती. त्या डब्यातल्या निम्म्या वड्या मीच खाल्ल्या असतील, असं मी ऑफिसात ऐटीत सांगायचो, आणि ते फारसं खोटं नव्हतं. पण अकरा वर्षांत एका वेळी दोन मला कधी मिळाल्या नव्हत्या. या पोरीला नोकरीला लागून अजून सात महिने पुरे व्हायचे होते.

"या खातू, या! बघा हिने काय शोधून आणलंय," सर म्हणाले.

टेबलावर मशीनमधून निघालेला कागद पसरला होता. आमचं काम तसं सांगायला सोपं. नद्यांचं, खाड्यांचं, किनाऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि त्यात कारखान्यांची रसायनं सापडतात का ते बघायचं. मशीन कागदावर एक रेघ ओढतं. पाण्यात काही नसेल तर रेघ सरळ जाते, असेल तर मध्येच सुळका उठतो. सुळका कुठे उठला त्यावरून रसायनाचं नाव कळतं, किती उंच उठला त्यावरून प्रमाण. वेळशीच्या खाडीचं पाणी मी तीन वर्षं आणत होतो आणि तीन वर्षं माझी रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ येत होती. नूतनच्या कागदावरचा सुळका वरच्या कडेला जाऊन टेकला होता.

"नॅफ्थॅलीन," सर म्हणाले. "डांबरगोळी हो, साधी डांबरगोळी! तीन वर्षं लोक ओरडतायत की माशांना वास येतो, कालवांना वास येतो. तो हा वास. वरच्या रंगाच्या कारखान्याशिवाय त्या खाडीवर हे वापरणारं आहे कोण दुसरं? अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे, खातू. आजवर गावाकडे नुसती तक्रार होती. आता पुरावा आहे."

त्या सुनावणीचं मलाही ठाऊक होतं. जिल्ह्याच्या समितीने गावाला ही शेवटची संधी दिली होती. पुरावा नसेल तर तक्रार निकालात निघणार आणि कारखान्याला खाडीत आणखी एक पाइप सोडायची परवानगी मिळणार, असं सगळे धरून चालले होते.

"पाणी कुठून घेतलंस?" मी नूतनला विचारलं.

"आत चिपीच्या खारफुटीत एक पाइप आहे, सर. भरतीला दिसत नाही. उधाणाच्या सुकतीला उघडा पडतो. डोर्लेकरकाकांनी दाखवला."

डोर्लेकर म्हणजे आमचा होडीवाला. आमचा कसला, माझा. तीन वर्षं माझी होडी तोच वल्हवत होता, आणि परतताना पानात बांधलेली मूठभर कालवं माझ्या पिशवीत टाकत होता. त्याने मला कधी पाइप दाखवला नव्हता.

"मला कसं बोलला नाही कधी?"

"मी पण तेच म्हटलं त्यांना. म्हणाले, सायबांनी इचारलं नाय."

ती हे अगदी सरळपणे म्हणाली. पण सर मोठ्याने हसले. त्यांनी हसायला नको होतं.

मत्सर हा शब्द जरा सोवळ्यातला वाटतो. मी जळत होतो, हे खरं. ती आल्यापासूनच जळत होतो. पहिले सहा महिने तिला रिवाजाप्रमाणे बाटल्या धुवायला बसवलं होतं, तर तिने बाटल्यासुद्धा अशा धुतल्या की सर मुद्दाम येऊन बघून गेले. तपकिरी काचेची एकेक बाटली उजेडात धरून बघायची, भट्टीत भाजून काढायची, तोंडावर चांदीच्या कागदाची चकती दाबून बसवायची आणि मग झाकण. मी शिकवलेलं काम ती माझ्यापेक्षा बरं करायची. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ना, तसं. आता माझी खाडी, माझा होडीवाला आणि माझी वडी, तिन्ही तिच्याकडे गेली होती.

मी टेबलावरचा दुसरा कागद उचलला.

"सर, कोरी बाटली बघितलीत का?"

इथे जरा थांबून कोरी बाटली काय ते सांगितलं पाहिजे, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. आम्ही नमुने घ्यायला निघताना प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी भरलेली एक बाटली बरोबर न्यायचो. खाडीत पोचलं की नमुना घ्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ही बाटली उघडी ठेवायची, मग नवी चकती लावून बंद करायची आणि बाकीच्या बाटल्यांबरोबर तपासायची. तिच्यात काही सापडलं तर ते खाडीतलं नव्हे. ते तुमच्या हाताचं, कपड्यांचं, होडीच्या तेलाचं. कोरी बाटली कोरी आली तरच बाकीच्या बाटल्यांवर विश्वास. आणि आमच्या प्रयोगशाळेत 'खातूची कोरी' प्रसिद्ध होती. अकरा वर्षांत, एक पहिली खेप सोडली तर, माझ्या कोऱ्या बाटलीत कधी कणभर काही निघालं नव्हतं. नव्या लोकांना सर सांगायचे, "हातगुण असतो एकेकाचा. खातूंचा बघा."

नूतनच्या कोऱ्या बाटलीच्या रेघेवर, त्याच जागी, छोटासा उंचवटा होता.

"चार आलंय सर त्यात," नूतन घाईने म्हणाली, "आणि खाडीच्या पाण्यात तीनशे. तिथे हवेलाच वास होता. बाटली उघडी ठेवली तेवढ्यात हवेतून आलं असणार."

"हवेला वास होता की आणखी कशाला?" मी म्हणालो. "नूतन, राग मानू नकोस. पण तुझ्या ओढणीला आत्ता इथपर्यंत वास येतोय. डांबरगोळीचा."

ती भाड्याच्या खोलीत राहायची, पत्र्याच्या ट्रंकेत कपडे ठेवायची, ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायची. अर्ध्या महाराष्ट्राच्या बायका हेच करतात. तिने ओढणीचं टोक नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पण ओढणीतून तीनशे कसं येईल, सर?"

"मला पटतंय तुझं," आठल्येसर हळूच म्हणाले. "पण मला पटून काय उपयोग? तिथे त्यांचा वकील उभा राहील आणि एकच वाक्य बोलेल, की यांची कोरी बाटलीच कोरी नाही. संपलं. वर ओढणीचं कळलं तर हसतील." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "खातू, बरं झालं तुम्ही बघितलंत. परवा अमावास्या आहे ना? उधाणाची सुकती मिळेल. दोघंही जा. दोन वेगळे संच घ्या, दोन कोऱ्या बाटल्या न्या. आणि नूतन, खातू कोरी बाटली कशी सांभाळतात ते नीट बघ जरा."

नूतनने दोन्ही वड्या टेबलाच्या कडेवर ठेवल्या आणि ती बाहेर गेली. सरांनी त्या परत डब्यात टाकल्या. त्यातली एक मला देतील असं मला उगाचच वाटलं. दिली नाही.

अमावास्येला पहाटे आम्ही वेळशीच्या धक्क्यावर पोचलो. नूतनने धाकट्या भावाचा जुना सुती शर्ट घातला होता, उकळत्या पाण्यात काढलेला आणि दोन दिवस उन्हात वाळवलेला. ओढणी नाही, गजरा नाही, केसांना तेलसुद्धा नाही. लहान मुलाला शाळेत शिक्षा झाल्यावर ते जसं निमूट दिसतं तशी ती दिसत होती आणि मला बरं वाटत होतं.

"आज दोगं दोगं?" डोर्लेकर म्हणाला. "काय ओ खातूसायब, बायवर इस्वास नाय काय?"

"विश्वासाचं नाही हो. नियम असतो."

"नेम आसंल. पन सायब, नेमानं लवकर करा म्हंजी झालं. आमच्या मंडळीनं मागल्या पुनवंला टोपलीभर कालवां फोडली. बोटां बगा तिची, चिरा चिरा पडल्यान. बाजारात गेली तर येक जन टोपलीला हात लावंना. वास मारतो म्हंतात. सगली टोपली परत खाडीत वतली."

"अठ्ठावीसला सुनावणी आहे काका," नूतन म्हणाली.

"व्हय. सगला गाव जानार हाय. आमच्याकडं काय हाय दावायला? ह्या तुमच्या बाटल्याच."

त्याने होडी लोटली. पाणी झपाट्याने ओसरत होतं आणि दोन्ही बाजूंना काळा चिखल उघडा पडत होता. मी या बाजूला कधी आलो नव्हतो. मी नेहमी दहाच्या सुमाराला, चढत्या पाण्यावर, धक्क्यासमोर होडी उभी करून बाटल्या भरायचो. चिखलात पाय घालावा लागत नसे आणि साडेबाराच्या एस.टी.ने घरी जेवायला पोचता येई. भरतीचं समुद्राचं पाणी आत आलं की खाडीतली घाण पातळ होते, हे मला कळत नव्हतं असं नाही. कागदावर वेळ लिहून दिलेली नव्हती, एवढंच.

चिपीची झाडी जवळ आली तसं डोर्लेकरने वल्हं उचललं. होडी आपोआप आत सरकली. आणि मला वास आला.

ओढणी नव्हती. तो शर्ट माझ्या हातभर अंतरावर होता आणि त्याला नुसता उन्हाचा वास होता. तरी डांबरगोळीचा वास येत होता, आईच्या ट्रंकेचं झाकण उघडल्यासारखा. पुढे चिखलातून हातभर पाइप बाहेर आला होता आणि त्याच्या तोंडातून तांबूस पाण्याची धार पडत होती.

मी नूतनकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. ती काही म्हणाली असती, 'बघा सर, मी म्हटलं नव्हतं?' असं नुसतं म्हणाली असती, तर मला ते सोपं गेलं असतं. ती बर्फाचा डबा उघडून बाटल्या काढायला लागली.

आता जे सांगणार आहे ते मी नोकरीत असेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, पहिल्याच खेपेला, माझी कोरी बाटली घाण आली होती. होडीच्या इंजिनाचा धूर लागला होता. सगळ्या दिवसाचं काम फुकट गेलं आणि सरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. दुसऱ्या खेपेला मी कोरी बाटली उघडलीच नाही. नेली तशी बंद परत आणली. ती अर्थातच कोरी आली. सरांनी खण उघडला आणि मला माझी पहिली वडी मिळाली. तिसऱ्या खेपेलाही मग मी तेच केलं. त्यानंतर उघडायची हिंमत होईना, कारण तोवर माझा हातगुण प्रसिद्ध झाला होता. त्या पहिल्या खेपेनंतर अकरा वर्षांत मी ती बाटली एकदाही उघडली नाही. होडीवाले काय बघणार? त्यांना काय कळणार की दहा बाटल्यांतली एक उघडायची राहिली?

पण आज माझ्याबरोबर नूतन होती, आणि माझी पद्धत नीट बघून घ्यायला तिला सरांनीच सांगितलं होतं.

मी कोरी बाटली हातात घेऊन बसलो. उघडली तर काय होणार ते मला दिसत होतं. या हवेत कोणाचीही बाटली कोरी राहणार नव्हती. माझ्याही बाटलीत चार येणार. मग सर म्हणणार, खातूंचीसुद्धा तशीच आली, म्हणजे पोरगी म्हणते ते बरोबर, हवाच तशी आहे. तिला दोन वड्या. आणि मग कोणीतरी विचारणार, खातू, अकरा वर्षं तुम्ही हवेत नव्हता का? आणि नाही उघडली तर? तर तिची घाण येईल, माझी कोरी. शिवाय खाडीच्या पाण्यात जे निघायचं ते माझ्याही बाटल्यांत निघेल. म्हणजे शोध तिचा आणि नाव माझं. खोटं कशाला बोलू, हेही मनात आलं आणि गोड वाटलं.

पण ती समोर बसली होती.

"सर," नूतन म्हणाली, "मी त्या टोकाला जाते. तिकडे तोंड करून घेते नमुने. माझा श्वास नको तुमच्या बाटलीवर."

"सरांनी बघायला सांगितलंय ना तुला?"

"बघितलंय सर मी. तुम्ही करा तुमचं." मग तिने डोर्लेकरलाही हाक मारली. "काका, तुम्ही पण जरा इकडे या, माझा डबा धरा. वल्ह्याचं पाणी उडेल सरांच्या अंगावर."

डोर्लेकर उठून तिच्याकडे गेला. दोघांच्या पाठी माझ्याकडे झाल्या. फुगलीय, मी मनात म्हटलं. शिकायचंच नाही, तर कोण काय करणार? आणि मी खाडीच्या बाटल्या नियमाप्रमाणे भरल्या, धार पडत होती तिथून, एकही थेंब न सांडता. कोरी बाटली दोन मिनिटं मांडीवर धरली आणि तशीच डब्यात ठेवली.

"झालं सर?" तिने पाठमोरीच विचारलं.

"झालं."

मगच ती वळली.

परतताना डोर्लेकरने पानात कालवं बांधून तिच्या हातात दिली. "वास येल बाय. पन कोरड्या हातानं नगं जावंस." मला दिली नाहीत. मला त्या वासाच्या कालवांचासुद्धा राग आला, आता काय सांगायचं.

दोन दिवसांनी कागद निघाले. खाडीच्या पाण्यात नूतनला तीनशे दहा, मला तीनशे पाच. तिच्या कोऱ्या बाटलीत पाच. माझी रेघ सरळ.

आठल्येसरांनी माझा कागद दोन्ही हातांत धरला आणि खिडकीशी नेऊन पुन्हा बघितला. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "खातू," ते म्हणाले, "वाचवलंत हो. आता वकील काय, वकिलाचा बाप आला तरी हात लावू शकत नाही." मग नूतनकडे वळून म्हणाले, "तुझा संच बाजूला ठेवू या आपण. वाईट वाटून घेऊ नकोस. हात बसायला वेळ लागतो. अहवाल खातूंच्या नावाने जाऊ दे."

"हो सर," नूतन म्हणाली. "त्यांच्याच नावाने जाऊ दे."

सरांनी खण उघडला आणि माझ्या हातावर दोन वड्या ठेवल्या. एका वेळी दोन. एक मी तिथेच तिच्यासमोर तोंडात टाकली आणि चघळत उभा राहिलो. दुसरी रुमालात बांधून खिशात ठेवली.

अठ्ठावीसला मी जिल्ह्याला गेलो. वेळशीची सत्तर-ऐंशी माणसं बाहेर बसली होती, बायका धरून. कारखान्याच्या वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला, "कोऱ्या बाटलीचा निकाल दाखवा." मी दाखवला. त्याने तो उलटासुलटा बघितला, कारखान्याच्या केमिस्टला दाखवला, आणि केमिस्टने मान हलवली. त्यानंतर त्यांच्याकडे बोलण्यासारखं फार राहिलं नाही. पाइपला सील लागलं, नव्या पाइपची परवानगी नाकारली गेली. डोर्लेकरची बायको मला तिथे पहिल्यांदा दिसली. तिने वाकून माझ्या पायाला हात लावला. बोटांच्या चिरांत हळद भरलेली होती.

मला आनंद झाला का? झाला. दोन दिवस मी तरंगत होतो. तिसऱ्या दिवशी कळलं की नूतनने राजीनामा दिला आहे. रत्नागिरीच्या एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी मिळाली होती.

शेवटच्या दिवशी ती मागच्या ओट्यावर बाटल्या धूत होती. ते काम आता तिचं राहिलं नव्हतं, तरी धूत होती. जाणाऱ्या माणसाशी दोन शब्द गोड बोलावेत म्हणून मी गेलो. जिंकलेल्या माणसाला तेवढं परवडतं.

"मग, पाष्टेबाई? मास्तरीण होणार?"

"हो सर." तिने हात पुसले आणि बाजूच्या ताटलीतून चांदीच्या कागदाची एक गोल चकती उचलून माझ्यासमोर धरली. "ही ओळखता?"

"चकती आहे. बाटलीच्या तोंडावरची."

"तुमच्या कोऱ्या बाटलीची आहे. त्या दिवशीची. चकती बसवली की कडेला मी नखाने दोन खुणा करते, पहिल्या आठवड्यापासून. कुठली कोणी धुतली ते कळावं म्हणून. बाटली उघडली की ही चकती टाकून द्यायची आणि खाडीवर नवी लावायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. बाकी सगळ्यांच्या कोऱ्या बाटल्या नव्या चकत्यांनी परत येतात. तुमची कायम माझ्याच चकतीने परत येते, सर. त्याच दोन खुणा. सहा महिने मी बघत होते."

ओट्यावरचा नळ गळत होता.

"मग सरांना सांगितलं का नाहीस? मी तुझ्या ओढणीचा विषय काढला होता त्यांच्यासमोर."

"त्याच दिवशी सांगणार होते. दारापर्यंत गेले होते." तिने चकती ताटलीत ठेवली. "मग वाटलं, सांगितलं तर काय होईल? तुमची नोकरी जाईल. आणि सरांकडे काय उरेल? माझी घाण बाटली आणि तुमची खोटी. आठ दिवस होते सर सुनावणीला. डोर्लेकरकाकूंनी टोपली ओतली ना, ती मी पहिल्या खेपेला बघितली होती ओतताना."

मला तेव्हा कुठे होडी आठवली. तिचं त्या टोकाला जाणं, डोर्लेकरला हाक मारून बोलावून घेणं, दोघांच्या पाठी.

"तू मुद्दाम पाठ फिरवलीस?"

"मी बघत बसले असते तर तुम्हाला उघडावी लागली असती," नूतन म्हणाली. "आणि मला एक तरी बाटली कोरी हवी होती."

ती हे रागाने म्हणाली नाही. हिशेब चुकता केल्याचा आवही नव्हता. ती एवढंच म्हणाली, "पाणी खरं होतं ना सर. तीनशे पाच खरं होतं. ते तुम्हीच भरलंत, चांगलं भरलंत." आणि मग, "मला ते बरोबर वाटतंय असं मात्र नाही. म्हणून चाललेय मी."

खिशात रुमाल होता. रुमालात ती दुसरी वडी होती, कडेने जराशी विरघळलेली. का कोण जाणे, मी ती काढून तिच्यासमोर धरली. तुझी आहे, असं म्हणायचं होतं.

तिने वडीकडे बघितलं आणि हसली. "नको सर. तुम्हीच खा. तुम्हाला आवडते."

ती गेली. मी ओट्यावर बसून ती वडी खाल्ली, कारण टाकवेना. आणि त्याही वेळी मला वाईट वाटण्याच्या आधी काय वाटलं असेल? जळफळाट. हिने माझ्यावर इथेही ताण केली, असं वाटलं. माझं खोटं मी अकरा वर्षं वड्यांसाठी वापरलं, आणि हिने ते एकदाच वापरून अख्खं गाव सोडवलं. तिला नाव नको होतं, आणि माझ्याकडे तर नावाशिवाय काहीच नव्हतं. अशा माणसाशी स्पर्धा तरी कशी करायची?

या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. वेळशीची कालवं पुन्हा बाजारात येतात. डोर्लेकर दर थंडीत एक डबा घेऊन माझ्याकडे येतो आणि माझ्या बायकोला, मुलांना, शेजाऱ्यांना सांगतो, "ह्या सायबांमुलं आमची खाडी वाचली." एकदा मी त्याला म्हटलं, "माझ्यामुळे नाही हो. नूतन पाष्टेमुळे." तर म्हणाला, "व्हय, ती बाय पन चांगली व्हती." कालवं मी खातो. वास येत नाही.

आणि नूतन गेल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला मी खाडीत कोरी बाटली उघडली. झाकण काढलं, नखाच्या खुणांची चकती काढली, नमुने भरून होईपर्यंत बाटली उघडी ठेवली, नवी चकती लावली. चार दिवसांनी कागद निघाला. रेघेवर दोन बारीक उंचवटे होते, एक होडीच्या तेलाचा आणि एक बहुधा माझ्या साबणाचा.

आठल्येसरांनी कागद बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं, आजारी माणसाकडे बघतात तसं.

"वय होत चाललं, खातू," ते म्हणाले. "पूर्वीचा हात राहिला नाही तुमचा."

त्यांनी खण उघडला होता, तो हळूच बंद केला. पुढे सर निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं मी प्रत्येक खेपेला ती बाटली उघडली, आणि मला त्या डब्यातली वडी पुन्हा मिळाली नाही.